हार्टफर्डची कार्बाइन आणि सत्तावनचा हिंदुस्थान

नल्लकुंटा, हैदराबाद

चि. बाळ,

जुनी शार्प्स कार्बाइन, म्हणजे घोडेस्वाराची आखूड बंदूक, घेऊ का, असं तू विचारलंस. जरूर घे. मात्र पैसे मोजण्याआधी तिचा आपल्या मुलखाशी असलेला संबंध ऐकून घे, म्हणजे नेमकी कोणती शोधायची ते तुझं तुलाच ठरवता येईल.

ख्रिश्चन शार्प्स हा अमेरिकेतल्या हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रकारखान्यात घडलेला कारागीर. त्याने 1848 साली मागून भरायच्या बंदुकीचं पेटंट घेतलं आणि पुढे तुझ्याच हार्टफर्ड गावात त्याच्या बंदुका बनू लागल्या. चापाभोवतीची कडी खाली ओढली की नळीमागचा पोलादी ठोकळा खाली सरकतो. काडतूस मागून आत सारायचं आणि कडी वर घ्यायची. ठोकळा वर चढताना त्याची धारदार कड काडतुसाचं शेपूट कापते आणि आतली दारू उघडी पडते. धावत्या घोड्यावरच्या स्वाराला नळीच्या तोंडातून गज घालून ठासत बसावं लागत नाही. सुरुवातीच्या शार्प्समध्ये सांध्यातून धूर आणि ज्वाळा निसटत, हा तिचा दोष. तरीही ठासणीच्या बंदुकीपुढे ती फार पुढची होती.

काडतुसाचं शेपूट ठोकळाच कापतो, हे लक्षात ठेव. हिंदी शिपायांना नवी एनफिल्ड मिळाली ती ठासणीची. तिचं चरबी लावलेलं काडतूस दाताने तोडायचं होतं आणि त्यावरून 1857 साली बराकपूर, मेरठ पेटलं. त्याच्या दोनच वर्षं आधी, 1855 साली, ब्रिटिश सरकारने आपल्या घोडदळासाठी 6,000 शार्प्स कार्बाइनांची मागणी अमेरिकेत नोंदवली होती. काडतूस दाताने तोडायची गरजच नसलेली बंदूक सरकारला ठाऊक होती. पण ती गोऱ्या स्वारांसाठी होती. बंडाची कारणं काडतुसापेक्षा खोल होती हे खरं, आणि शार्प्स मिळाली असती तर ते टळलं असतं असं कुणीच म्हणणार नाही. पण अमेरिकेत बनलेली ही बंदूक हिंदुस्थानात पोचली ती बंड मोडणाऱ्या घोडदळाच्या हातात. माझ्या मते संग्राहकाने एवढी एक गोष्ट विसरता कामा नये.

आपलं हैदराबादही यातून सुटलेलं नाही. 17 जुलै 1857 रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली लोक कोठीच्या ब्रिटिश रेसिडेन्सीवर चालून गेले. दुसरीकडे निजामाच्या पैशावर पोसलेली हैदराबाद कंटिन्जंट ही फौज ब्रिटिश सेनापती सर ह्यू रोजच्या हाताखाली झाशीच्या राणीविरुद्धच्या मोहिमेत होती.

बंडानंतर सरकारने धडा घेतला तो असा, की हिंदी शिपायाचं हत्यार गोऱ्याच्या हत्याराहून एक पिढी मागे ठेवायचं. हिंदी शिपायांना गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या. 1866 साली ब्रिटनने जेकब स्नायडर या अमेरिकन माणसाची रचना स्वीकारून जुन्या एनफिल्ड मागून भरण्याजोग्या केल्या, त्याही हिंदी पलटणींकडे आल्या त्या गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाल्यावर. आणि 1878च्या शस्त्र कायद्याने सामान्य रयतेच्या घरातलं हत्यार परवान्याखाली आलं.

अमेरिकेत मात्र यादवी युद्धाने मागून भरायच्या बंदुकांचा बाजार फुलवला. बर्नसाइडची कार्बाइन निमुळत्या पितळी काडतुसाची. त्याच्या बुडाला बारीक भोक, त्यातून घोड्याच्या ठोक्याने फुटणाऱ्या टोपीची ठिणगी दारूपर्यंत पोचे. ती बनवणारा अँब्रोज बर्नसाइड पुढे जनरल झाला आणि 1862 साली फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत हरला. स्मिथच्या कार्बाइनला रबराचं काडतूस लागे. क्रिस्टोफर स्पेन्सरने 1860 साली पेटंट घेतलेल्या बंदुकीच्या दस्त्यात सात काडतुसांची नळी असे; 1863च्या ऑगस्टमध्ये त्याने ती स्वतः लिंकनला दाखवली. युद्धानंतर हजारो शार्प्स धातूच्या काडतुसासाठी बदलून घेतल्या गेल्या, त्यामुळे टोपीवर चालणारी, न बदललेली शार्प्स आज जास्त मोलाची.

पारख करताना दस्त्यावरचा तपासनिसाचा लंबगोल शिक्का पाहा. तो घासून गेला असेल तर दस्त्याला रंधा किंवा काचकागद लागला आहे असं समज. डाव्या बाजूच्या खोगिराच्या कडीची दांडी जागची आहे का, नळी कापून आखूड केलेली नाही ना, हेही बघ. धातूवरचा जुना काळपटपणा पॉलिश करून घालवू नकोस; चकचकीत करण्याने वस्तूचा पुरावाच पुसला जातो, आणि अशा दुरुस्त्यांना मी नुकसानच म्हणतो.

घेतलेली शार्प्स इथे आणायचा विचार मात्र सोड. 1899पूर्वी बनलेली बंदूक तिकडे अमेरिकेत केंद्रीय कायद्याने पुराणवस्तू ठरते, इथे तसं नाही. आपल्या 1959च्या शस्त्र कायद्यातली परवान्यातून सूट फक्त अशा जुन्या हत्याराला आहे, जे दुरुस्त करूनही चालवता येणार नाही. चालू स्थितीतल्या हत्याराला परवाना लागतो, आणि 2019च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे, वारसाची धरून, दोनच बंदुका राहू शकतात.

पुढच्या खेपेला आलास की नारायणगुड्यावरून आबिड्सकडे जाताना तुला तोप का सांचा दाखवेन. फ्रेंच सेनानी रेमंडने निजामासाठी 1786 साली उभारलेली ही तोफा ओतायची जागा. तिच्यावरूनच त्या भागाला गनफाउंड्री म्हणतात. मग मुसीकाठी सालारजंग संग्रहालयातलं शस्त्रांचं दालन पाहू.

तोवर एक काम कर. शिकागो, टेक्सास, कुठेही विक्रीला आलेली 1855ची शार्प्स दिसली, आणि तिच्यावर ब्रिटिश सरकारी मालाची बाणाची खूण असेल, तर ती घेणं परवडो न परवडो, तिच्या प्रत्येक छापाचे फोटो काढ, क्रमांक उतरवून घे आणि विकणाऱ्याला ती कुणाकडून आली ते विचारून लिहून ठेव. एक प्रत मला पाठव, एक पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे.

तुझा,
काका