माझा जुनाट हेडफोन आणि आजी

गळ्यातला हेडफोन बघून कॅफेत कुणीतरी विचारतंच, "म्युझियममधून आणलास का?" जवळजवळ तसंच म्हणा! कॉसचा पोर्टा प्रो. वॉकमनच्या जमान्यातलं, १९८४ चं डिझाइन आणि अजून जवळपास त्याच रूपात मिळतं. स्टीलची पातळ पट्टी, कानांवर फोम, घडी घातली की मुठीत मावेल एवढा. खरं सांगू? दिसतो गबाळाच. पट्टीत केस अडकतात, फोम दोनदा बदललाय.

मध्यंतरी मीही नॉइज कॅन्सलिंगवाले इअरबड्स घेतले. मुलाखती टाइप करायला झकास! तेच घालून दिवाळीत तुमसरच्या पुढं, बपेऱ्याला आजीकडे गेले. ओसरीवर माझं काम चाललेलं, शेजारी आजी तांदूळ निवडत होती. संध्याकाळी तिनं हळूच मामीला विचारलं, "पोरगी माह्यावर रागावली का वं? बोलूनच नाही राहिली." केसांखालचे बड्स तिला दिसलेच नव्हते. दुपारभर ती बोलत होती आणि मी ढिम्म.

पोर्टा प्रोची घडण उघडी. बाहेरचं आत येतं, आतलं बाहेर गळतं. लोकलमध्ये वैताग, कबूल. पण ओसरीवर आजीची हाक आरपार पोचते. शिवाय डोक्यावर पट्टी दिसली की ती थांबते, नाहीतर एक बाजू सरळ उचलते अन् सुरू होते.

मागच्या खेपेला तिनंच कानाला लावून बघितला. आत एका पुढाऱ्याची मुलाखत चालू होती. दोन मिनिटं ऐकून म्हणाली, "लबाड हाये हा."