पापेतेच्या बंदरात सहा दिवस

आमच्या हबसाणात, म्हणजे जुन्या जंजिरा संस्थानच्या मुलखात, एखाद्या घरी 'मुलगा कुठे असतो?' असे विचारले की पूर्वी एकच उत्तर यायचे, 'बोटीवर.' कुठल्या बोटीवर, कुठल्या समुद्रात, हे घरच्यांनाही नीट ठाऊक नसे. पी. अँड ओ.सारख्या कंपन्यांच्या बोटींवर कोकणी मुसलमान खलाशी, टंडेल, सारंग म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राबले. पण त्यांनी पाहिलेली बंदरे कुणी लिहून ठेवली नाहीत. बंदर लक्षात राहायचे ते तिथून आणलेल्या वस्तूवरून. हे घड्याळ एडनचे, हे कापड सिंगापूरचे, हा रेडिओ जपानचा. माझे अब्बा असेच होते. त्यांनी अर्धी दुनिया पाहिली. पण सांगायला बसले की पगार, रजा आणि मनीऑर्डर यांपलीकडे गोष्ट जात नसे.

मीही त्याच वाटेने गेलो. मालवाहू जहाजांवर सुखाणी म्हणून उमर काढली. आज मागे वळून पाहताना बहुतेक बंदरे एकमेकांत मिसळून गेलेली दिसतात. एक तेवढे वेगळे राहिले. ते म्हणजे प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावरचे पापेते.

१९९७ चा जुलै महिना होता. न्यूझीलंडच्या ऑकलंडहून पीठ, डबाबंद माल आणि गोठवलेले मांस घेऊन आम्ही निघालो होतो. ऑकलंड ते ताहिती हे अंतर चार हजार किलोमीटरच्या वर आहे आणि मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते. पूर्वेकडे जाताना ती ओलांडली की तोच वार पुन्हा येतो. आमच्या नशिबी नेमका शुक्रवार आला. आज शुक्रवार, उद्याही शुक्रवार! जहाजावर आम्ही चौघे मुसलमान. दोन जुम्मे कसे करायचे, यावर पोरांची हुज्जत सुरू झाली. आमचे सारंगचाचा हसून म्हणाले, "अरे, मुसाफिरावर जुम्मा फर्ज नाही. दोन्ही दिवशी जोहर पढा आणि कामाला लागा." प्रश्न मिटला.

सातव्या दिवशी पहाटे डोंगर दिसले. समुद्रातून सरळ उठलेले, काळेभोर, शेंड्यावर ढग. बेटाभोवती प्रवाळाचे कडे असते. त्या कड्याला एके ठिकाणी खिंड आहे, तिच्यातूनच आत शिरावे लागते. बाहेर लाटा फुटत असतात आणि आत पाणी थाळीसारखे स्थिर. राजपुरीच्या खाडीत शिरताना बाहेरचा समुद्र जसा एकदम मागे राहतो, तसेच वाटले. मोतू उता नावाच्या छोट्या बेटावर मालधक्का आहे, तो पुलाने शहराला जोडलेला. तिथे आम्ही लागलो.

नकाशावरची इंग्रजी अक्षरे वाचून आम्ही 'पापीट' म्हणत होतो. धक्क्यावरच्या माणसांनी दुरुस्त केले : पा-पे-ए-ते. 'पापे' म्हणजे पाणी, 'एते' म्हणजे टोपली. भेटले की तिथले लोक 'इया ओराना' म्हणतात. त्याचा अर्थ तुला आयुष्य लाभो. सलामाला सलाम मिळावा तसे मन निवले.

या बेटाला युरोपने फार पूर्वीच 'जन्नत' ठरवून टाकले आहे. १७६७ साली इंग्रज कप्तान वॉलिस आला, पुढच्याच वर्षी फ्रेंच बूगँव्हील, १७६९ मध्ये सूर्यबिंबावरून होणारे शुक्राचे अधिक्रमण पाहायला कॅप्टन कूक. बूगँव्हील थोडे दिवस राहिला आणि प्रेमाच्या देवतेच्या बेटावरून याचे नाव 'नवे सिथेरा' ठेवून गेला. १८४२ मध्ये फ्रान्सने बेट आपल्या संरक्षणाखाली घेतले, १८८० मध्ये मुलखात सामील केले. १८९१ मध्ये चित्रकार गोगँ जन्नत शोधत पापेतेत उतरला, तेव्हा त्याला पत्र्याची छपरे, कचेऱ्या आणि साहेब लोक दिसले. तो नाराज होऊन दूर गावात राहायला गेला. जणू शहर त्याला दाखवण्यासाठीच वसले होते!

मला तिथे आपल्या चौलची आठवण झाली. इसवी सन ९१६ च्या सुमारास अल्‌-मसूदी हा अरब मुसाफिर चौलला आला. त्याने या बंदराला 'सैमूर' म्हटले. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, त्यांतले पुष्कळ इथेच जन्मले आहेत, त्यांचे तंटे तोडायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला आहे, असे त्याने नोंदले. पुढे साडेपाचशे वर्षांनी रशियाचा निकितिन याच चौलला उतरला, तर गोरा माणूस पाहायला लोकच त्याच्या मागे लागले! मसूदीने चौलला जन्नत म्हटले नाही. तिथे कोण राहते आणि त्यांचा कारभार कसा चालतो, ते त्याने लिहिले. म्हणूनच हजार वर्षांपूर्वी आपण इथे होतो, हे आज आपल्याला सांगता येते.

तर पापेते. रविवारी पहाटे चारला बाजार भरतो, म्हणून आम्ही दोघे पायी निघालो. दुमजली बाजारपेठ, खाली मासळी, भाजी, फुले. टुना माशांच्या राशी, अळूचे गड्डे, नारळ, केळी, व्हॅनिलाच्या शेंगा, फुलांचा वास लावलेले खोबरेल. आणि एका फळीवर रचलेले नीरफणस! आमच्याकडे परसात याचे एखादे झाड असते, काप करून तव्यावर परततात. तिथे त्याला 'उरू' म्हणतात आणि अख्खा विस्तवात भाजून भाकरीसारखा खातात. विकणाऱ्या बाईला मी खुणेने सांगितले की हे आमच्याकडेही होते. ती इतकी खूश झाली की तिने एक भाजलेला तुकडाच हातावर ठेवला.

या नीरफणसाची एक कहाणी आहे. वेस्ट इंडिजच्या उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांना स्वस्त अन्न मिळावे म्हणून १७८८ मध्ये 'बाउंटी' जहाज याची रोपे न्यायला ताहितीला आले. रोपे घेऊन निघाल्यावर एप्रिल १७८९ मध्ये खलाशांनी बंड केले आणि कप्तानाला होडीत घालून समुद्रात सोडले. बंडाच्या गोष्टीवर सिनेमे निघाले. रोपे कुणासाठी चालली होती, ते मात्र फारसे कुणी सांगत नाही.

बाजाराच्या आसपासची बरीच दुकाने चिनी लोकांची. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे जगात कापसाचा तुटवडा पडला, तेव्हा ताहितीत कापसाचा मळा निघाला आणि १८६५ मध्ये तिथे राबायला चीनमधून मजूर आणले गेले. त्याच युद्धाने आपल्या मुंबईत कापसाच्या व्यापाऱ्यांचे सोने केले होते. मळा बुडाला, पण काही मजूर राहिले आणि दुकानदार झाले. आज त्यांच्या नूडल्स तिथल्या घराघरांत शिजतात. संध्याकाळी बंदरावर खाण्याच्या मोटारगाड्या लागतात, तिथे नारळाचे दूध आणि लिंबू घातलेली कच्ची मासळी मिळते. मांस हलाल नसणार म्हणून आमचा सगळा भरवसा मासळीवर. नारळाचे दूध आमच्या ओळखीचे होते, पण कच्च्या मासळीपुढे सारंगचाचांनी हात जोडले.

शहरात आम्हाला मशीद आढळली नाही. नमाज डेकवरच पढायचो. पहिल्याच दिवशी किब्ल्याचा प्रश्न आला. आम्ही होतो पृथ्वीच्या पार पलीकडे, मक्केपासून जवळजवळ एकोणीस हजार किलोमीटरवर. सेकंड मेटने हिशेब करून दिला : पश्चिमेच्या थोडे उत्तरेला. समोर मोरेआ बेट दिसते, त्याच्या उजव्या अंगाला. जुलैत सूर्यही जवळपास तिथेच बुडतो. मगरिबला उभे राहिलो तर समोर समुद्र, बेटाची काळी रेघ आणि लाल आभाळ. मुरूडच्या किनाऱ्यावर किब्ला असाच समुद्राकडे, मावळतीला असतो. इतक्या लांब येऊन तोंड पुन्हा त्याच बाजूला वळले, याचे नवल वाटले.

त्याच रात्री सेकंड मेटने नकाशा उघडून आणखी एक गोष्ट दाखवली. काबागृहापासून पृथ्वीच्या गोळ्यात आरपार सळई घातली, तर ती ताहितीच्या आग्नेयेला, तुआमोतू द्वीपसमूहाच्या दक्षिणेकडच्या समुद्रात बाहेर येईल. तिथे उभे राहिले तर सगळ्याच दिशा किब्ल्याच्या. आम्ही सगळे 'सुबहानल्लाह' म्हणालो. मग त्याने बोट थोडेसे सरकवले. त्या जागेपासून दीडशे किलोमीटरच्या आत एक प्रवाळ बेट होते : मोरुरोआ.

१९६६ ते १९९६ या तीस वर्षांत फ्रान्सने मोरुरोआ आणि शेजारच्या फांगातौफावर १९३ अणुस्फोट केले. १९७४ पर्यंतचे स्फोट उघड्या हवेत, नंतरचे जमिनीखाली. मधल्या काळात चाचण्या थांबल्या होत्या. सप्टेंबर १९९५ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा पापेतेत दंगल उसळली, विमानतळाची इमारत पेटली. शेवटचा स्फोट जानेवारी १९९६ चा. आम्ही पोचलो त्याला दीड वर्ष होत होते.

धक्क्यावर एक वयस्कर कामगार होता. मूळचा कूक बेटांचा, म्हणून इंग्रजी बोलायचा. दुपारच्या सुटीत आमच्याजवळ येऊन बसे. पोरवयात तो माकातेआ बेटावर फॉस्फेटच्या खाणीत कामाला आला. १९६६ मध्ये खाण बंद झाली. त्याच साली मोरुरोआचे काम जोरात सुरू होते, माणसे हवी होती. तो तिकडे गेला. त्याच्यासारखे शेकडो गेले. कुणी खोबरे वाळवणे सोडून, कुणी जाळे टाकून.

मी विचारले, "कसे होते तिथे?"

"पगार फार चांगला होता," तो म्हणाला. "जेवण उत्तम. फक्त तिथली मासळी खाऊ नका, असे सांगत."

एवढे बोलून तो उठला आणि कामाला लागला. समुद्राच्या माणसाला समुद्राच्या मधोमध बसवून मासळी खाऊ नको म्हणायचे, आणि त्याचा चांगला पगार द्यायचा! पर्यटकांच्या पुस्तिकेत पाहिलेली निळ्या पाण्याची सारी चित्रे त्या वाक्यापुढे फिकी पडली. तेव्हापासून कुठलेही बंदर पाहिले की तिथल्या माणसांचा पगार कुठून येतो आणि त्याच्या बदल्यात त्यांच्याकडून काय काढून घेतले जाते, हेच मी आधी विचारतो. किनारा सुंदर आहे की नाही, हे नंतर.

तो प्रश्न घेऊन घरी आलो, तर तो इथेही लागू पडत होता. आमचा पगार आधी बोटीतून आला, मग केपटाउन आणि नैरोबीतून, मग कुवेत-दुबईतून. त्या पगारावर मजले चढले, मशिदी नव्या झाल्या, पोरी शिकल्या, हे नाकारू नये. पण श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या बाजूला एखाद्या मोहल्ल्यातून फिरून पाहा. किती दारांना कुलपे आहेत! मे महिन्यात आणि लग्नाला उघडतात, पुन्हा बंद. महाडला कारखाने आले, पगार आले. मग सावित्रीच्या खाडीत मासे मरून वर आल्याच्या बातम्याही पुन्हा पुन्हा आल्या. खाडीकाठच्या माणसांना मासळीपासून तोडायला दर वेळी अणुस्फोटच लागतो असे नाही.

आता पर्यटनाचा पगार आला आहे. राजपुरीच्या धक्क्यावर सुटीच्या दिवशी उभे राहायला जागा नसते. शिडाच्या होडीतून लोक जंजिरा पाहायला जातात, बुरूज आणि कलालबांगडी तोफेबरोबर फोटो काढतात. होडीवाल्याच्या घरी चार पैसे येतात, चांगलेच आहे. पण 'तुम्ही इथलेच का? मग मराठी इतके चांगले कसे बोलता?' असे आमच्या पोरांना आजही विचारले जाते. समुद्रापलीकडून गुलाम म्हणून आणलेल्या हबशांचे वंशज इथे नवाब झाले, ही केवढी गोष्ट! ती कोण सांगणार? पाहुण्याने दोन तासांत जे पाहिले तेच जगात आमचे वर्णन होणार असेल, तर आम्हीही ताहितीसारखे चित्रातलेच राहू.

ताहितीच्या लोकांनी मात्र सांगणे सोडले नाही. त्यांच्या भाषेला शाळेत फार काळ मज्जाव होता, तरी ती बाजारात आणि चर्चमध्ये जिवंत राहिली आणि १९८० च्या दशकात शाळेत आली. आम्ही गेलो तेव्हा जुलैचा 'हेइवा' उत्सव चालू होता. खाडीत होड्यांच्या शर्यती लागल्या होत्या. एका अंगाला लाकडी उलांडी बांधलेल्या होड्या, दक्षिण कोकणात रापणकरांकडे असतात तशा. चाचण्यांनी आजारी पडलेल्यांनीही आवाज उठवला. २०१० मध्ये फ्रान्सला नुकसानभरपाईचा कायदा करावा लागला. १७ जुलै १९७४ च्या स्फोटाची किरणोत्सारी धूळ थेट ताहितीपर्यंत पोचली होती आणि सरकारने बाधितांची संख्या पुष्कळ कमी धरली होती, हे २०२१ मध्ये संशोधकांनी जुनी कागदपत्रे तपासून दाखवले. तो कूक बेटांचा कामगार तोवर हयात होता की नाही, अल्लाह जाणे.

आपल्या वाचकांतल्या किती घरांत बोटीवरची माणसे आहेत, होती! त्यांच्या पेट्यांत जुनी पत्रे असतील, पगाराच्या पावत्या असतील. अजून काही बुजुर्ग बाकी आहेत, त्यांच्याजवळ बसा. कुठल्या बंदरावरून काय आणले ते सोडा. तिथे कोण राबत होते, काय खात होते, कुणाचे ऐकावे लागत होते, ते विचारा आणि लिहून ठेवा. मसूदीने चौलसाठी तेवढेच केले होते.