बाटलीवरची बारीक अक्षरं वाच

सांगली

प्रिय सुमन,

तुझं पत्र मिळालं, आणि त्यातल्या एका प्रश्नाचं उत्तर आधी देते. विमानात धाकट्या नातीनं झोपावं म्हणून अ‍ॅलर्जीचं सिरप पाजायचं का, असं सूनबाईनं विचारलंय. पाजायचं नाही. तिला आत्ताच तसं सांग आणि मग बाकीचं पत्र निवांत वाच.

तू ज्या सिरपचं नाव लिहिलंस त्यात प्रोमेथाझिन आहे. आपल्या आयांच्या काळापासूनचं औषध. खाज, शिंका, प्रवासातली मळमळ, सगळ्याला चालतं, आणि त्यानं गुंगी येते. पण ही गुंगी म्हणजे साधी झोप नव्हे. औषध मेंदूपर्यंत पोचतं आणि लहानग्यांचा श्वासही मंदावू शकतं. श्वास थांबून बाळं दगावल्याच्या नोंदी आल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2004 साली त्यावर चौकटीतला इशारा छापायला लावला: दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही. तुझी धाकटी तर अजून दीड वर्षाचीच. शिवाय काही मुलांवर या औषधाचा उलटाच परिणाम होतो. झोप राहते बाजूला, ती रात्रभर चिडचिडी आणि उधळल्यासारखी होतात. विमान चढता-उतरताना सूनबाईनं तिला अंगावर पाजावं किंवा बाटली द्यावी, म्हणजे कानांचे दडे सुटतील. रडलीच तर रडू दे. शेजारच्या प्रवाशांनी नाकं मुरडली तरी चालेल.

इतकी वर्षं औषधांच्या दुकानात उभी राहिले, म्हणून मला हे पोटतिडकीनं लिहावंसं वाटतं. “बाळ रात्री झोपू देत नाही, ते सर्दीचं गोड औषध द्या,” असं म्हणणारे आईबाप वाईट नसतात, दमलेले असतात. पण सर्दी नसताना दिलेलं सर्दीचं औषध मला कधीच पटलं नाही आणि मी ते दिलंही नाही. गोड लागतं, रंगीत असतं, चिठ्ठीशिवाय सहज मिळतं, म्हणून लोकांना सिरप म्हणजे निरुपद्रवी वाटतं. ते गोळीइतकंच औषध आहे.

आता थोरल्या नातीच्या पित्ताविषयी. तिच्या अंगावर गांधी उठतात तेव्हा त्वचेतल्या काही पेशींमधून हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं. त्यानं बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, पाणी झिरपतं, खाज सुटते. नाकात सुटलं की शिंका, डोळ्यांत सुटलं की पाणी. अँटिहिस्टामिन औषध हिस्टामिनला सुटण्यापासून फारसं अडवत नाही. ते हिस्टामिनच्या बसायच्या जागी आधीच जाऊन बसतं. म्हणून गांधी उठू लागल्या की लवकर दिलेलं बरं, सगळं अंग भरल्यावर दिलं तर उतरायला वेळ लागतो. डॅनियल बोव्हे या शास्त्रज्ञानं पॅरिसच्या पाश्चर संस्थेत 1937 साली या वाटेवरचं पहिलं औषध शोधलं. ते स्वतः माणसांना देण्याजोगं नव्हतं, पण त्यातूनच पुढची सगळी औषधं आली, आणि 1957 मध्ये बोव्हेंना नोबेल मिळालं.

यातली जुनी औषधं, म्हणजे क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, हायड्रॉक्सिझिन आणि हे प्रोमेथाझिन, मेंदूत सहज शिरतात. नवी, म्हणजे सेट्रिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, तितकी शिरत नाहीत. म्हणून पित्तावर आणि शिंकांवर हल्ली डॉक्टर आधी नवंच लिहितात. सेट्रिझिननंही काहींना पेंग येते, तेव्हा पहिला डोस शाळेच्या दिवशी सकाळी नको. फेक्सोफेनाडिन दिलं तर पाण्याबरोबर दे, संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर ते अंगात नीट शोषलं जात नाही. तू लावतेस ते आमसुलाचं पाणी खुशाल लाव, त्वचेला गार वाटतं. औषधाचं काम मात्र औषधच करील.

डोस डॉक्टर सांगतील तोच. पण एक गोष्ट तू स्वतः तपास. तुमच्याकडे मेलबर्नला सेट्रिझिनचं साधं सिरप असतं त्यात एका मिलिलिटरला 1 मिलिग्रॅम औषध असतं, आणि ड्रॉप्स मिळतात त्यात एका मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम. नाव एक, खोकी सारखी, आणि फरक दहापट! घरात एक बाटली आजीनं आणलेली, दुसरी आईनं आणलेली, आणि रात्री अंधारात कोणीतरी “पाच मिली” ओततं, तिथं घात होतो. म्हणून बाटलीबरोबर आलेलं मापाचं टोपण किंवा सुईविना सिरिंज वापर. घरातला चमचा नको, कुठल्याच दोन घरांतला चमचा सारखा नसतो.

आणि छापलेले घटक वाच. भिंग लागलं तर भिंग घे. सर्दीच्या सिरपमध्ये बहुतेक वेळा क्लोरफेनिरामिन असतंच. वरून अ‍ॅलर्जीचं वेगळं सिरप दिलं की एकाच जातीची दोन औषधं पोटात गेली. आपल्याकडे केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये सांगितलं की क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये आणि तसं लेबलवर छापावं. पण बाटलीवर छापलेलं दुकानात वाचलं जायला हवं, घरात वाचलं जायला हवं.

2025 च्या ऑक्टोबरातल्या छिंदवाड्याच्या बातम्या तूही वाचल्या असशील. खोकल्याच्या सिरपनं मूत्रपिंडं निकामी झालेली लेकरं आपल्या नागपूरच्या दवाखान्यांत आणली होती. दोष अँटिहिस्टामिनचा नव्हता, सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष मिसळलेलं होतं. मुंबईत 1986 मध्ये जे. जे. रुग्णालयात याच विषानं 14 रुग्ण गेले होते, न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग त्यावर बसला होता. इतक्या वर्षांनी पुन्हा तेच विष मुलांच्या पोटात जावं, याचा मला मनापासून संताप येतो. म्हणून तुला विनवते, इथून परत जाताना “तिकडे महाग पडतं” म्हणून सिरपच्या बाटल्या बॅगेत भरून नेऊ नकोस. ज्या सिरपची खरोखर गरज आहे तेवढंच घ्यायचं, पावती घेऊन, बॅच नंबर पाहून.

तुमच्याकडच्या वसंत ऋतूची मला जास्त काळजी वाटते. 21 नोव्हेंबर 2016 च्या वादळाच्या संध्याकाळी तू मेलबर्नलाच होतीस. गवताचे परागकण ओलसर हवेत फुटून त्यांचा बारीक चुरा फुप्फुसांत खोलवर गेला, हजारो लोक श्वासासाठी दवाखान्यांत धावले आणि दहाजण गेले. धावलेल्यांतल्या कितीतरी जणांना आधी दमा असल्याचं ठाऊकही नव्हतं, नुसत्या शिंका येत असत. थोरलीला शिंका येतात आणि धावताना छातीत घरघरही होते, असं तू लिहिलंस. सिरपनं नाक थांबेल, छाती नाही. तिला डॉक्टरांना दाखव, रोज घ्यायचा पंप हवा का ते विचार. आणि कधी काही खाऊन तिचे ओठ सुजले, आवाज घोगरा झाला, श्वास लागला किंवा ती एकाएकी मलूल पडली, तर सिरपची बाटली शोधत बसू नकोस. त्या वेळी अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. त्या इंजेक्शनचं पेन घरात असेल तर लगेच द्यायचं, तिला आडवं निजवायचं, चालायला लावायचं नाही, आणि तुमच्याकडचा तातडीचा 000 नंबर फिरवायचा.

हो, भाऊजींचं राहिलं. त्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे आणि रात्री खाज सुटली की ते नातीचंच जुनं सिरप दोन टोपणं घेतात, असं तू सहज लिहून गेलीस. जुन्या जातीच्या या औषधांनी लघवी तुंबू शकते, काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यांवरचा दाब वाढतो, म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो, तोल जातो. बरोबर झोपेची गोळी असेल तर आणखी वाईट. ती बाटली आजच फार्मसीत परत देऊन ये. त्यांच्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो काढून मला पाठव, नावं स्पष्ट दिसतील असे. मूत्रपिंडाची तपासणी कधी झाली तेही लिही, सेट्रिझिन द्यायचं ठरलं तर त्याचा डोस त्यावर कमी करावा लागतो. मी वाचून ठेवते, म्हणजे तुमच्या डॉक्टरांना नेमके कोणते प्रश्न विचारायचे ते तुला लिहून देता येईल.

तुझी,
कुसुम