मुल्हेरी मूठ

तलवार म्हणजे पातं, आणि मूठ हे ते पातं हातात धरण्याचं साधन, असं माझं मत बरीच वर्षं पक्कं होतं. गडांवर भटकताना भेटलेल्या मंडळींशी मी ते हिरिरीने मांडतही असे. संग्रहालयात शस्त्रांच्या कपाटापुढे उभी राहिले की माझी नजर आधी पात्यावर जाई. सरळ की बाकदार, एकधारी की दुधारी, पन्हळी किती, शिक्का कुठला. मुठीवरचं विरलेलं कापड, बोटांवर येणाऱ्या परजेच्या आतली कसरीने खाल्लेली गादी यांच्याकडे मी ढुंकूनही बघत नव्हते. कापड काय, दसऱ्याला बदलतात. इतिहास पोलादात असतो, असं मला वाटे.

आज मी नेमकं उलटं मानते. या बदलाची सुरुवात जपानी मुठीपासून झाली आणि तो पुरा झाला आमच्याच नाशिक जिल्ह्यातल्या मुल्हेरपाशी.

जपानी तलवारीच्या मुठीवर रेशमी पट्टीची जी चौकटी-चौकटींची वीण असते, ती मला निव्वळ शोभा वाटायची. ती कशी बांधतात हे कळावं म्हणून मी एका लाकडी दांड्यावर स्वतः बांधून बघायला लागले आणि हळूहळू तिच्यात गुंतत गेले. या कामाला तिकडे त्सुकामाकी म्हणतात. मूठ असते होनोकी नावाच्या झाडाच्या लाकडाची. आपल्या सोनचाफ्याच्याच कुळातलं हे झाड. लाकडाचे दोन उभे भाग आतून कोरतात आणि शिजवलेल्या भाताच्या खळीने एकमेकांना चिकटवतात. पात्याचा शेवटचा भाग त्या पोकळीत शिरतो आणि बांबूच्या एका खुंटीने अडकून राहतो. लाकडावर बसते माशाची कातडी. कोकणात आपण ज्याला पाकट म्हणतो, त्याच जातकुळीतल्या माशाची, पांढऱ्या टणक दाण्यांची. सतराव्या शतकात डच व्यापारी सयामहून असल्या कातड्यांचे ढीग जपानला नेत, इतकी त्यांना मागणी होती. या दाण्यांवर रेशमी पट्टी घट्ट बसते आणि घसरत नाही.

मग खरं काम सुरू होतं. बोटभर रुंदीची, कित्येक मीटर लांब विणलेली पट्टी मधोमध धरून तिची दोन्ही टोकं मुठीभोवती आळीपाळीने फिरवायची. समोर आली की पीळ देऊन एकमेकींवरून न्यायची. एका फुलीत डावी पट्टी वर, तर पुढच्या फुलीत उजवी. हा क्रम एकदा जरी चुकला तरी ताण एका बाजूला झुकतो आणि मूठ हातात वळल्यासारखी वाटते. प्रत्येक फुलीखाली ओलसर कागदाच्या चिमुकल्या घड्या सरकवायच्या, म्हणजे पट्टीला उंची मिळते आणि दोन फुल्यांमधल्या चौकटीला सारखा आकार येतो. शेवटी मुठीच्या टोकाला बसणाऱ्या टोपणाच्या भोकांतून टोकं ओवून गाठ मारायची. कुठेही खिळा नाही, शिलाई नाही. सगळं काही ताणावर उभं.

माझं मत डळमळलं ते इथे. लाकडाचे ते दोन भाग भाताच्या खळीने कितीसे धरून राहणार? वार बसला की सगळा धक्का मुठीत येतो. तो सोसून लाकूड उभं फाटू नये, म्हणून ही पट्टी त्याला चहूबाजूंनी आवळून धरते. हात घामाने, पावसाने ओला झाला तरी बोटांची पेरं चौकटींच्या खाचांत टेकून राहतात. शोभा त्यातून आपसूक आली. वीण काढली तर ती तलवार एका चांगल्या वारालाही पुरी पडणार नाही, मग पातं कितीही नामवंत लोहाराचं असो. आणि जपानात पात्याचं केवढं कौतुक! तरीही पातं घडवणारा, त्याला झिलई देणारा, म्यान करणारा आणि मूठ बांधणारा असे चार वेगळे कारागीर तिथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी राबत आले.

१८७६ मध्ये मेइजी सरकारने तलवार बाळगून हिंडण्यावर बंदी घातली आणि या सगळ्यांच्या पोटावर पाय आला. आपल्याकडे इंग्रजांचा शस्त्र कायदा १८७८ चा. दोनच वर्षांचं अंतर. जपानने मात्र ही विद्या कला म्हणून सांभाळली. आज तिथे पातं घडवणाऱ्यांच्या बरोबरीने मूठ बांधणाऱ्यांचीही कामं स्पर्धेत मांडली जातात, नावानिशी. आपल्याकडे पोलाद उरलं आणि मुठीतलं मऊ सामान कुजून गेलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये रघुजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्रात आली. नागपूरकर भोसल्यांचे हे पहिले रघुजी, सेनासाहेबसुभा. बंगाल-ओडिशापर्यंत फौजा नेणारे. लंडनच्या लिलावात एप्रिलमध्ये राज्य सरकारने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली. पातं युरोपातलं, एकधारी, पाठीवर देवनागरीत रघुजींचं नाव. पूर्वीची मी एवढं वाचून थांबले असते. या वेळी पुढे वाचलं: मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची, आत गादी, दोन बाजूंना परज आणि धरायच्या जागी हिरव्या कापडाचं वेष्टण.

मुल्हेर! बागलाणातलं, ताहाराबादच्या पुढचं, मोसमच्या खोऱ्यातलं. उद्धव महाराजांच्या समाधीपुढची कोजागिरीची रासक्रीडा बघायला मी तिथे रात्र जागले आहे. गड चढले आहे, शेजारचे मोरा आणि हरगड पाहिले आहेत. बागुल राजे, १६३८ ची मोगलांची स्वारी, पुढे साल्हेरच्या लढाईच्या सुमारास मराठ्यांकडे आलेला गड, १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतलेला ताबा, हे सगळं मला पाठ होतं. पण त्या गावाचं नाव मुठीच्या एका घाटाला मिळालं आहे आणि ते नागपूरकरांच्या सरदारी तलवारीपर्यंत पोचलं आहे, याचा अर्थ मी कधी मनाशी जुळवलाच नव्हता.

आता जुळवते तेव्हा मराठी तलवारीकडे बघायची सगळी रीतच बदलते. आपल्या नामांकित फिरंगांची, म्हणजे सरळ, लांब तलवारींची, पाती परदेशी. लंडनला राजघराण्याच्या संग्रहात असलेल्या, कोल्हापूरहून प्रिन्स ऑफ वेल्सला भेट गेलेल्या तलवारीचं पातंसुद्धा युरोपचं. त्यावर आयएचएस ही ख्रिस्ती अक्षरं आहेत. मग तलवार मराठी कशामुळे होते? मुठीमुळे. ते सरळ, लांब पातं इथल्या मनगटाला, इथल्या घोडेस्वाराच्या वाराला जुळवून घेतलं ते इथल्या मूठ घडवणाऱ्यांनी. बोटांवर रुंद परज, मुठीखाली लांब गज, म्हणजे गरज पडली तर दुसरा हात लावता यावा. आणि परजेच्या आत गादी, कारण ती नसती तर वार अडवताना बोटांची हाडं लोखंडावरच आदळली असती. मी जिला दसऱ्याला बदलायचं कापड समजत होते, त्या गादीवर लढणाऱ्याची बोटं शाबूत राहत होती.

संग्रहालयात कुणी ना कुणी हटकून म्हणतो, पूर्वीच्या लोकांचे हात लहान असणार, नाहीतर एवढीशी मूठ कशी पुरेल? खाली गोल चकती असलेल्या तलवारींबद्दल हे फार ऐकू येतं. ती मूठ मुद्दाम आवळ आहे. पंजा वरच्या आडव्या दांडीत आणि खालच्या चकतीत गच्च बसतो, मनगट सैल वळत नाही आणि वार खांद्यातून ओढून घ्यावा लागतो. ही सगळी लढाईची पद्धत मुठीत लिहिलेली आहे. पण कपाटावरच्या पाटीवर पात्याची लांबी असते आणि मुठीबद्दल बहुतेक वेळा एक शब्दही नसतो. याचा मला आता मनापासून राग येतो.

एका बाबतीत माझं जुनं मत अजून टिकून आहे. जुन्या तलवारीवर नवी मखमल आणि जरी चढवून तिला चकचकीत करणं मला तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही. जपानात मूठ पुन्हा पुन्हा बांधतात, कारण बांधणारा हात अखंड शिकत आलेला आहे. तो हात आपल्याकडे आधी तयार व्हायला हवा, आणि तो नव्या प्रतिकृतींवर. आमच्या जिल्ह्यात त्यासाठी काय कमी आहे? येवल्यात पैठणीचं रेशीम आहे. नाशिकच्या सराफ बाजारात पोत आणि ठुशी गाठवून देणारे पटवेकरी आहेत. रेशमाचा ताण बोटांनी ओळखणं हे त्यांचं रोजचं काम. मी माझी बांधलेली दांडी त्यांच्यातल्या एका काकांना दाखवली. त्यांनी ती हातात फिरवली, एका फुलीवर नख टेकवलं आणि म्हणाले, "इथं ढिली पडलीय, बाई. उकला." चूक तिथेच होती.

सटाणा, देवळा, निफाड या भागात अनेक घरांत देवघरापाशी जुनी तलवार आहे. खंडेनवमीला ती खाली उतरते, तेल लागतं, मुठीचं जुनं फडकं निघतं आणि लाल नवं कापड येतं. त्या घरांतल्या माणसांना मी आता आर्जवाने सांगते: जुनं फडकं, गादीचा तुकडा, कापसाचा गोळा, जे निघेल ते टाकू नका. ओलं करू नका, धुऊ नका. कोऱ्या सुती कापडात ठेवा, सोबत चिठ्ठीवर कुठल्या तलवारीचं, मुठीच्या कुठल्या भागातून, कोणत्या वर्षी काढलं ते लिहा. आणि काढण्याआधी त्याचे कसे आणि किती वेढे होते, त्याचा एक फोटो घ्या.