काचेच्या पोटाची

पोटात ठेवायचं, पण लपवायचं नाही, असा स्वभाव घेऊन काचेची बरणी जालन्याच्या स्वयंपाकघरात शिरली. तिच्या आधी फळीवर बसलेली चिनी मातीची सट याच्या अगदी उलट होती. वरून तपकिरी, खाली पांढरी, तोंडाला दादरा बांधलेली. तिच्यात लोणचं किती उरलंय हे घरातल्या म्हातारीलाच ठाऊक असायचं. पाहुण्याच्या ताटात फोड पडेल की नुसता खार, हेही तीच ठरवायची. बरणीने ही सत्ता गुपचूप काढून घेतली. आता शाळेतून आलेलं पोरगंसुद्धा दारातूनच सांगतं, "आज्जी, लोणचं सरत आलं की गं." चोरून फोड खाणाऱ्यांची तर पुरती पंचाईत झाली, कारण पातळी खाली गेली तरी तेलाची जुनी रेघ काचेवर तशीच राहते आणि साक्ष देते.

साक्ष देण्याचं हे काम तिने एका बाबतीत फार मोलाचं केलंय, आणि त्याबद्दल तिला कुणी धन्यवाद दिल्याचं ऐकिवात नाही. महिन्याने सटीचा दादरा सोडावा आणि आत पांढरी बुरशी निघावी, की घरात चौकशी बसायची. कुणाचा हात लागला? कोण बाहेरची होती? निवाडा बहुतेक वेळा धाकट्या सुनेवर यायचा. बरणीत मात्र बुरशी कुठून सुरू झाली ते दिसतं. तेलाबाहेर डोकं काढून बसलेल्या फोडीवर, नाहीतर आतून घाम सुटलेल्या झाकणाखाली. दोष तेल हात आखडून घातल्याचा, ओल्या चमच्याचा, धुऊन नीट न वाळवलेल्या बरणीचा. सुनेचा त्यात काही संबंध नाही. विटाळावर भाषणं पुष्कळ झाली, पुस्तकंही लिहिली गेली, पण काही घरांत बुरशीचा पत्ता बोटाने दाखवायचं काम या मुक्या बाईने केलं.

तिचं माहेर भट्टीतलं. वाळू, सोडा आणि चुनखडी दीड हजार अंशांच्या आसपास वितळतात, तेव्हा ती जन्माला येते. आपल्या मुलखात या कामाचे कारखाने फार जुने नाहीत. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागत फिरून उभा केलेला पैसा फंड, त्याच्या पाठीशी लोकमान्य टिळक, आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला निघालेला काच कारखाना. पुढे १९१६ मध्ये कराडजवळ ओगल्यांचा कारखाना आला आणि प्रभाकर कंदिलाने घरोघर काच नेली. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, स्वदेशीचं वारं इथवर पोचेपर्यंत त्याचा जोर बराच ओसरलेला असायचा. तरी कंदिलाची काच राखेने पुसता पुसता बायांना काचेशी कसं वागायचं हे कळलं, ते पुढे बरणीच्या कामी आलं.

तिची परदेशातली घराणी आणखी जुनी. निकोला अपेर नावाच्या फ्रेंच मिठाईवाल्याने अन्न बाटलीत भरून, बूच ठोकून, बाटली उकळत्या पाण्यात ठेवली की ते टिकतं हे दाखवलं आणि १८१० मध्ये सरकारकडून बारा हजार फ्रँकचं बक्षीस मिळवलं. ते का टिकतं हे त्याला सांगता येत नव्हतं. जंतूंचा हिशेब पाश्चरने मांडला तो त्यानंतर पन्नासेक वर्षांनी. अमेरिकेत जॉन मेसनने ३० नोव्हेंबर १८५८ ला आट्याच्या बरणीचं पेटंट घेतलं, आणि झाकण फिरवून बसवायची सवय जगाला लागली.

आपल्याकडे मात्र बरणी विकत आणायची वस्तू नव्हतीच. ती पोटात काहीतरी घेऊन घरात यायची. पोरगं तापातून उठलं की हॉर्लिक्स, परीक्षा जवळ आली की बोर्नव्हिटा, शहरात राहून आलेला काका असला तर कॉफी. आतलं संपण्याआधीच बरणीवर हक्क लागलेला असायचा. "ती मला द्या हं, जाऊबाई, येसर ठेवायला." मग बरणी उकळत्या पाण्याने धुतली जायची, लेबल नखाने खरवडलं जायचं, डिंकाचा शेवटचा डाग राखेने जायचा, आणि कारळाची चटणी, जवसाची चटणी, मेतकूट यांतलं काहीतरी तिच्या पदरी पडायचं. पुढे प्लास्टिकच्या हलक्या बरण्या आल्या. पडल्या तरी फुटत नाहीत म्हणून त्या आवडल्या, आणि हळदीचा पिवळा डाग नि लसणाचा वास कायमचा धरून बसतात म्हणून नावडत्याही झाल्या. काच कुणाचाही वास अंगाला लावून घेत नाही. काल मिरचीचं लोणचं होतं, नीट धुऊन उन्हात वाळवा, उद्या मोरावळा घाला.

आता ती बाजारात सहा-सहाच्या संचात मिळते, एकसारख्या झाकणांची, फोटोला छान दिसणारी. माझी शिफारस विचाराल तर आधी बोट तोंडाच्या कडेवरून फिरवा. कड गुळगुळीत हवी, टवका किंवा खाच नको, नाहीतर झाकण कितीही आवळा, हवा आत जाणारच. मग टिचकी मारा. खणखणीत वाजली तर घ्या, बद्द आवाज आला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे. तोंड एवढं रुंद हवं की आपला हात आत जाऊन तळ घासता येईल. अरुंद तोंडाची देखणी बरणी तळाशी कायम काहीतरी चिकटवून ठेवते. आणि झाकणं जास्तीची मिळत असतील तर घेऊन ठेवा. बरणी दहा वर्षं चालते, झाकण तीन-चार. कैरीचा आंबट खार आणि मीठ पत्र्याला आतून खात जातं, आतल्या वेढ्याचा पापुद्रा सुटला की गंज लोणच्यावर उतरतो. म्हणूनच जुन्या बाया झाकणाखाली फडकं घालतात. त्यांना हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

स्वभावाने ती रागीट नाही, पण धक्का तिला सोसत नाही. थंडगार बरणीत उकळता पाक ओतला की तळाशी टच्‌कन आवाज येतो आणि गुळांबा ओट्यावरून खाली. म्हणून आधी तिला कोमट करायची, मग गरम, मग त्यात गरम ओतायचं. ऊनही तिला एका मर्यादेपर्यंतच चालतं. ज्या पारदर्शकपणासाठी तिचं कौतुक, त्याच वाटेने उजेड आत शिरतो, तिखटाचा लाल रंग विटवतो आणि तेलाला खवट करतो. म्हणजे सगळं उघड दाखवणाऱ्या या बाईला अंधाऱ्या कपाटातच राहावं लागतं. मे महिन्यात जालन्यात पारा बेचाळिसाच्या पुढे जातो, तेव्हा खिडकीतल्या बरण्यांची रांग कितीही सुंदर दिसो, ती लोणच्याच्या मुळावर येते.

पण तिच्याबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज हा की ती टिकवते. ती काहीच टिकवत नाही. टिकवतं मीठ, शंभराला पंधराच्या आसपास. टिकवतं तेल, फोडींच्या वर बोटभर उभं राहिलेलं. टिकवतो आंबटपणा, साखर, आणि आत शिरलेला कोरडा हात. मृगाच्या आधी बाजारातून फोडून आणलेल्या गावरान कैऱ्या पंच्यावर पसरून त्यांचा ओलावा काढणाऱ्या बाईने अर्धं काम तिथेच केलेलं असतं, बरणी नंतर येते. हे कळलं नाही की माणसं भलत्या धाडसाला निघतात. मटार, मक्याचे दाणे, फरसबी पाण्यात भरून, बरणी पातेल्यात उकळून वर्षभर ठेवायची, असं काही आता लोक करून बघतात. जालना समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास उंच, इथे पाणी अठ्ठ्याण्णव अंशांवरच उकळतं. आणि आंबट नसलेल्या, हवाबंद अन्नात वाढणाऱ्या बॉट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत; त्यांना दाबाखालची, शंभराच्या बरीच वरची उष्णता लागते. लिंबाच्या लोणच्यात हा जंतू वाढू शकत नाही, मटारात वाढतो, आणि त्याचं विष दिसत नाही, वासही येईलच असं नाही. एवढी चोख साक्षीदार बरणी, पण इथे तिला काहीही दिसत नाही. मटार वाळवा किंवा फ्रीझरमध्ये गोठवा. बरणीच्या भरवशावर सोडू नका.

आणि जालन्यात तिची खरी हार व्हायची ती मोसंबीपुढे. अंबड, घनसावंगी, बदनापूर, जिकडे जाल तिकडे बागा. २०१६ मध्ये जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळालं. २०१२-१३ च्या दुष्काळात लोकांनी टँकरच्या पाण्यावर झाडं जगवली, तरीही कितीतरी बागा वाळून सरपण झाल्या. असं जिवापाड जपलेलं फळ बरणीत भरून ठेवता येऊ नये, यापरता बरणीचा अपमान कुठला! मोसंबीचा रस काढला तेव्हा गोड असतो, काही तासांत कडू होतो. गराच्या पापुद्र्यात आणि बियांत एक कडवटपणा चव न देता दबा धरून असतो, तो रसातल्या आंबटाशी गाठ पडली की जागा होतो, तापवलं तर आणखी लवकर. म्हणूनच गाड्यावरचा रसवाला पेला हातात देऊन म्हणतो, "लगेच प्या." केंद्राने २०२० मध्ये काढलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत जालन्याच्या वाट्याला मोसंबीच आली, वैयक्तिक प्रकल्पाला पस्तीस टक्के अनुदान, कमाल दहा लाख, अशी तरतूद होती. बचत गटांनी मोसंबीच्या प्रक्रियेत हात घातला तर मला वाटतं सालीच्या मार्मालेडला जागा आहे. तिथे कडूपणा हीच चव असते, मग तो लपवायचा कशाला? पण तोवर फळ क्रेटमध्ये भरून ट्रकने लांबच्या बाजारात जातं आणि बरणी कैरी-लिंबावर समाधान मानते.

प्रवास मात्र तिला आवडतो. शिकायला पुण्याला निघालेल्या पोरीच्या पिशवीत ती जुन्या साडीत गुंडाळून, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून, एसटीत मांडीवर बसते. शेजारच्या घरी गेली तर रिकामी परत येत नाही, कारण भांडं रिकामं धाडायचं नाही हा आपल्याकडचा शिरस्ता. लोणचं घेऊन गेलेली कधी सांडगे घेऊन येते, कधी पसाभर मूग. कधी ती परत येतच नाही, आणि मग वर्षभराने त्यांच्या फळीवर दिसते. तिच्यातली तेलाची रेघ कुणाची हे दोन्ही घरांना कळतं, बोलत मात्र कुणी नाही.

म्हातारपणी तिचं झाकण जातं. जालना हे लोखंडाचं गाव, इथल्या भट्ट्या देशभरचं भंगार वितळवून सळया ओततात. गल्लीतला भंगारवाला झाकणांचा पत्रा तराजूत टाकतो आणि बरणी हातात देऊन म्हणतो, "काच ठेवा, ताई, वजन लई, पैसा नाही." पत्रा भट्टीच्या वाटेला लागतो. बरणी मागच्या अंगणातल्या कपाटात जाते, तिच्यात दोडक्याचं आणि वालाचं बी राखेत घोळून भरलं जातं, तोंडाला फडकं. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाल्यांनी याच गावात बियाण्यांची महिको कंपनी काढली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला; बियाण्यांचे सीलबंद डबे इथून देशभर जातात. कपाटातल्या बियांवर मात्र ना लेबल ना तारीख. कुठलं दोडक्याचं, कुठलं वालाचं हे बघायला कुणाला फडकं सोडावं लागत नाही.