पेप्सीच्या टाकीत बिअर

चि. निनाद,

गॅरेज सेलमधून बिअर करायचा कुणाचा तरी आख्खा संसार उचलून आणलास आणि वर मला विचारतोस, "काका, टाक्यांवर पेप्सीचं नाव का?" प्रश्न दारूचा असला तरी माल स्टेनलेस स्टीलचा आहे, म्हणजे माझ्या खात्यातला. डेअरीच्या मेंटेनन्समध्ये हयात गेली माझी.

त्या उंच, अरुंद टाक्या कोल्ड्रिंकच्याच आहेत. हॉटेलातल्या सोड्याच्या मशीनला पूर्वी गोड पाक त्यांतून पुरवत. टाकी 5 गॅलनची, म्हणजे साधारण 19 लिटरची. पुढे कंपन्या पाक खोक्यातल्या पिशवीत भरू लागल्या आणि या टाक्या ढिगाने भंगारात आल्या. घरी बिअर करणाऱ्यांना घबाडच सापडलं! झाकण काढून आत हात घालता येतो, गॅसचा दाब टाकी निमूट सोसते, आणि डझनावारी बाटल्या धुवायची कटकट मिटते. फक्त कपलिंग घेताना बघून घे. पेप्सीवाल्यांचं 'बॉल लॉक' आणि कोकवाल्यांचं 'पिन लॉक' एकमेकांना लागत नाही.

पण मुळात त्या लोकांवर भंगार धुंडाळायची वेळ का आली? अमेरिकेतली दारूबंदी 1933 मध्ये उठली. घरी वाईन करायला मुभा होती, बिअर मात्र बेकायदाच राहिली. जिमी कार्टर यांनी 1978 च्या ऑक्टोबरात सही केली तेव्हा केंद्राच्या कायद्यातली अडचण सुटली. दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला 200 गॅलनची सवलत मिळाली, म्हणजे साडेसातशे लिटर. एवढी पिणार कोण, ते कायदा करणाऱ्यांनाच ठाऊक! तरी राज्यांचे नियम निराळे होतेच. अलाबामा आणि मिसिसिपी तर 2013 पर्यंत अडून बसले होते. जे काम लपूनछपून चालायचं त्याची भांडी कोणता कारखानदार बनवणार? बाजारात होतं ते मोठ्या कारखान्यांच्या मापाचं.

जॅक मॅकऑलिफ नावाचा नौदलातला मेकॅनिक स्कॉटलंडमध्ये असताना तिथल्या बिअरच्या प्रेमात पडला. परत आल्यावर त्याने 1976 मध्ये कॅलिफोर्नियात, सोनोमाला, 'न्यू अल्बियन' ब्रुअरी काढली. लहान मापाची यंत्रं विकत मिळेनात, म्हणून कोकाकोलाच्या पाकाची 55 गॅलनी पिंपं आणि डेअरीतली जुनी भांडी घेऊन स्वतःच जोडाजोड केली. 1982 मध्ये ती बंद पडली, पण तोवर ती पाहून गेलेल्या केन ग्रॉसमनने चिकोत 'सिएरा नेवाडा' उभी केली होती. हा आधी घरी बिअर करणाऱ्यांना लागणारं सामान विकायचा. वेल्डिंग शिकून घेतलं, डेअऱ्यांतल्या जुन्या टाक्या गोळा केल्या आणि 1980 च्या नोव्हेंबरात पहिला घाणा काढला. आज ती अमेरिकेतल्या बड्या ब्रुअऱ्यांत मोडते.

डेअरीचंच सामान का, हे मात्र मी सांगतो. माल्टचा उकळलेला गोड रस कोमट असताना दुधाइतकाच नाशवंत. जरा फट मिळाली की जंतू तिथे घर करतात. म्हणून आमच्याकडे पाइपाला आटे चालत नाहीत. आट्यात दूध अडकतं, ब्रशही पोहोचत नाही. दोन सपाट कॉलर, मध्ये गॅस्केट, वरून क्लॅम्प: हाताने उघडा, धुवा, परत आवळा. वेल्डिंगही आतल्या अंगाने बफ करून अशी गुळगुळीत करायची की नखाला सांधा लागता कामा नये. तुझ्या मोठ्या पातेल्याच्या नळाशी बोट फिरवून बघ. तिथे खरखर लागली, तर तेवढं पातेलं रस उकळायलाच ठेव. उकळीत जंतू मरतात. निवलेल्या रसाला ते लावू नकोस.

पिकनिकचा बर्फाचा डबा आहे ना, तो उलट कामाला लावलाय. भरडलेला माल्ट गरम पाण्यात तासभर 65 ते 68 अंशांवर राहावा लागतो. डब्यात ती ऊब टिकते, गॅस जाळावा लागत नाही. तळाशी जाळीची नळी दिसेल. ती नळाच्या लवचीक होजवरची स्टीलची वीण आहे, आतलं रबर ओढून काढलेलं. रस गळतो, फोलपट वर राहतं. रुपयाचं काम आण्यात! तांब्याचं वेटोळं रस झटपट निववायला. मला सगळ्यात आवडलं ते हेच.

इथे मला हे करून बघता येणार नाही. आपल्या महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा. तेव्हा फोटो पाठवत जा.

आणि टाकी उघडण्याआधी झाकणावरची कडी ओढून दाब सोड, मगच खटका उचल. प्रत्येक टाकीत पाच ओ-रिंगा असतात: एक झाकणाची, दोन वरच्या तोट्यांच्या, दोन आतल्या नळ्यांच्या. सगळ्या बदल. जुन्या रबरात सरबताचा वास इतका मुरलेला असतो की कितीही धुतलंस तरी तुझ्या पहिल्या बिअरला तो येईलच.



तुझा,
आबाकाका