निर्जन बेटावरचे यजमान

निर्जन बेट म्हणजे ओसाड बेट, अशी आपली समजूत असते. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळील इनर फार्न बेटावर ती टिकत नाही. २०२४ च्या जूनअखेरीस सीहाउसेस बंदरातून आम्ही होडीने तेथे गेलो. माणसांची कायमची वस्ती तेथे नाही. पण पाऊल ठेवताच आर्क्टिक सुरय पक्षी आमच्या डोक्यावर चोची मारू लागले. पायवाटेच्या कडेलाच त्यांची पिले होती. अंटार्क्टिकाच्या समुद्रापर्यंत जाणारे हे पक्षी येथे परततात ते पिलांसाठीच. पलीकडे पफिन चोचीत बारीक मासळी धरून बिळांत शिरत होते.

सातव्या शतकात संत कथबर्ट येथे एकांतवासात राहिले आणि ६८७ साली येथेच निवर्तले. आयडर बदकांवर त्यांची मोठी माया, असे परंपरा सांगते. त्या भागातील लोक आजही या बदकांना ‘कडीची बदके’ म्हणतात. कडी हे कथबर्ट नावाचे लाडके रूप. एकांत शोधायला आलेल्या संताने आधीपासून नांदणाऱ्या जिवांना शेजारी मानले.

२०२२ साली बर्ड फ्लूने या बेटांवरील हजारो पक्षी दगावले. त्या जुलैपासून २०२४ च्या मार्चपर्यंत इनर फार्नवर पर्यटकांना उतरू दिले नाही. परमेश्वराने सृष्टी मानवाच्या हाती सोपवली, असे आपण मानतो. कोठे जावे याइतकेच कोठे जाऊ नये हेही ज्याला उमगते, तोच तिचा खरा कारभारी, असे आम्हांस वाटते.